राष्ट्रांविरुद्धची न्यायवचने कशी वाचावीत

बायबलातल्या इब्री संदेष्ट्यांच्या ग्रंथांत परक्या राष्ट्रांना उद्देशून केलेली न्यायवचने, म्हणजे त्यांच्यावरचा आरोप आणि दंड सांगणारी वचने, ठिकठिकाणी एकत्र बांधलेली आढळतात. यशयाचे अध्याय १३ ते २३, यिर्मयाचे ४६ ते ५१, यहेज्केलाचे २५ ते ३२ आणि आमोसाचे पहिले दोन अध्याय हे त्यांतले प्रमुख संग्रह होत. नहूम आणि ओबद्या ही छोटी पुस्तके तर प्रत्येकी एकाच राष्ट्राला वाहिलेली आहेत. हे संग्रह सलग वाचायला घेतले की अपरिचित नावांची आणि विनाशाच्या वर्णनांची गर्दी होते आणि पुष्कळ वाचक पाने उलटून पुढे जातात. ते टाळण्यासाठी वाचनाचा क्रम बदलावा, आणि विनाश कसा झाला हे पाहण्याआधी आरोप काय आहे ते शोधावे. एक नकाशा जवळ असू द्यावा; मात्र इतिहासाच्या पुस्तकांतले टायर, असिरिया आणि बॅबिलॉन मराठी बायबलात अनुक्रमे सोर, अश्शूर आणि बाबेल या नावांनी येतात, हे ध्यानात ठेवावे.

सुरुवात आमोसापासून करावी. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यात, इस्राएलाचा राजा दुसरा यराबाम याच्या भरभराटीच्या काळात, दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा हा मेंढपाळ उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात जाऊन बोलला. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी शेजाऱ्यांची नावे तो एकामागून एक घेतो, आणि ऐकणाऱ्यांनी प्रत्येक नावावर मान डोलावली असेल अशी कल्पना करायला हरकत नाही. यातला मवाबावरचा आरोप दोनदा वाचावा. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला, एवढाच तो आहे. त्यात इस्राएलाचे काहीही नुकसान झालेले नाही. म्हणजे राष्ट्रांना जाब विचारला जातो तो केवळ ती इस्राएलाची शत्रू आहेत म्हणून नव्हे. पुढे त्याच साच्यात यहूदाचे नाव येते आणि शेवटी इस्राएलाचे, आणि तिथे आरोपांची यादी सर्वांत लांब आहे: नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला पायातल्या एका जोड्यासाठी विकल्याचा आरोप तिच्यात अगदी आरंभीच येतो.

यानंतर यशयाचा दहावा अध्याय घ्यावा. अश्शूर हा परमेश्वराच्या क्रोधाचा सोटा आहे, असे संदेष्टा म्हणतो. अश्शूराची स्वारी ही त्याच्या दृष्टीने खुद्द परमेश्वराने पाठवलेली शिक्षा आहे. तरीही त्याच अध्यायात अश्शूरालाही दंड सांगितला आहे, कारण त्याने हे सारे आपल्याच हाताच्या बळाने आणि आपल्याच शहाणपणाने केले असे मानले. तोडणाऱ्यापुढे कुऱ्हाडीने तोरा मिरवावा काय, हा यशयाचा प्रश्न या सगळ्या साहित्याची किल्ली आहे असे मला वाटते. अश्शूराच्या तोंडी घातलेल्या बढाईत, टाकलेल्या घरट्यातली अंडी गोळा करावीत तशी मी सारी पृथ्वी गोळा केली आणि कोणी पंखसुद्धा फडफडवला नाही, असे शब्द आहेत. त्यांच्या शेजारी ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या कोरीव लेखातला मजकूर ठेवून पाहावा. इ.स.पू. ७०१ च्या स्वारीत आपण यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतली आणि तिथला राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे यरुशलेमेत कोंडले, असे तो राजा स्वतःच सांगतो. संदेष्ट्याने केलेली नक्कल किती नेमकी होती, हे त्यावरून कळते.

येथून पुढे प्रत्येक न्यायवचनात राष्ट्राच्या तोंडी घातलेले वाक्य शोधून त्याखाली रेघ मारत जावे. बाबेलचा राजा म्हणतो, मी आकाशात चढेन. सोरचा अधिपती म्हणतो, मी देव आहे आणि समुद्राच्या मध्यभागी देवाच्या आसनावर बसलो आहे. मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा फारो म्हणतो, नदी माझी आहे, ती मीच केली. आणि खडकाच्या कपारीत राहणारा अदोम विचारतो, मला खाली कोण आणणार? सफन्याच्या दुसऱ्या अध्यायात अश्शूरची राजधानी निनवे आणि यशयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात बाबेल एकच वाक्य उच्चारतात, की मीच आहे, माझ्याखेरीज दुसरी कोणी नाही. मग यशयाचा पंचेचाळिसावा अध्याय उघडावा. तिथे जवळजवळ हेच शब्द परमेश्वर स्वतःविषयी बोलतो. गर्व म्हणजे संदेष्ट्यांना काय अभिप्रेत होते, हे कोणत्याही टीकाग्रंथापेक्षा या दोन पानांच्या तुलनेतून अधिक स्पष्ट होते.

काळाची सांगड घालताना फार खोलात जाण्याची गरज नाही. इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन इ.स.पू. ७२२ च्या सुमारास पडले, निनवे ६१२ मध्ये, यरुशलेम ५८७ किंवा ५८६ मध्ये आणि बाबेल ५३९ मध्ये, एवढे चार टप्पे पाठ असले की बहुतेक वचने जागेवर बसतात. नहूमाच्या तिसऱ्या अध्यायात मिसरच्या थीब्ज नगराचा पाडाव होऊन गेलेला दिसतो. ती घटना ६६३ ची असल्यामुळे ते वचन ६६३ नंतरचे ठरते.

सर्वांत अवघड भाग ‘हे खरे झाले का’ या प्रश्नाचा आहे, आणि तिथे घाई करू नये. यहेज्केलाने सव्विसाव्या अध्यायात सांगितले की बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोरच्या भिंती पाडील आणि तिची संपत्ती लुटील. वेढा १३ वर्षे चालला असे यहुदी इतिहासकार जोसेफस नोंदवतो, पण बेटावर वसलेले ते नगर तसे लुटले गेले नाही. त्यावर, समुद्रात भराव घालून ते नगर इ.स.पू. ३३२ मध्ये घेणाऱ्या अलेक्झांडरकडे काही भाष्यकार बोट दाखवतात. मला मात्र ग्रंथाने स्वतः दिलेले उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते. एकोणतिसाव्या अध्यायात, साधारण ५७१ ची तारीख घालून, यहेज्केल उघड सांगतो की बाबेलच्या सैनिकांची डोकी टकली झाली, खांदे सोलून निघाले, तरी सोरकडून त्यांना मजुरी मिळाली नाही, म्हणून आता तिच्याऐवजी मिसर देण्यात येत आहे. आधीचे वचन कोणी खोडले नाही आणि नवे लपवले नाही. दोन्ही एकाच ग्रंथात राहिली.

याच्या जोडीला यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातली ७ ते १० ही वचने वाचावीत. ज्या राष्ट्राविषयी विनाश सांगितला ते वाईटापासून फिरले तर योजलेले अरिष्ट आणले जाणार नाही, असा नियम तिथे स्पष्ट मांडला आहे. योनाचे सगळे पुस्तक या नियमाचे उदाहरण आहे: ४० दिवसांची मुदत ऐकून निनवे पश्चात्ताप करते, वाचते, आणि संदेष्टा रुसून बसतो. म्हणूनच या वचनांना वेळापत्रक समजून आजच्या देशांची नावे त्यांत बसवण्याचा उद्योग करू नये. तो वृत्तपत्र हातात घेऊन केला जातो आणि दर काही वर्षांनी त्यातली नावे बदलावी लागतात.

शेवटी यशयाच्या १३ ते २३ या संग्रहाकडे यावे. बाविसाव्या अध्यायापाशी थांबावे, कारण परक्या राष्ट्रांच्या या रांगेत तिथे खुद्द यरुशलेम उभे केले आहे. मग मागे वळून एकोणिसावा अध्याय वाचावा. त्याचा आरंभ मिसरवरच्या न्यायाने होतो, पण शेवटच्या तीन वचनांत मिसर आणि अश्शूर यांना जोडणारा राजमार्ग आहे, आणि परमेश्वर मिसरला ‘माझे लोक’, अश्शूराला ‘माझ्या हातचे कृत्य’ आणि इस्राएलाला ‘माझे वतन’ म्हणून एकत्र आशीर्वाद देतो. मवाब, अम्मोन आणि एलाम यांना पूर्वस्थितीवर आणण्याची वचने यिर्मयाच्या ४८ आणि ४९ या अध्यायांत अशीच, विनाशाच्या वर्णनांच्या अखेरीस, एकेका ओळीत येतात. भराभर वाचताना त्या हमखास निसटतात.