स्पोर्ट सायन्समध्ये पहिली रिसर्च ग्रँट मागताय? आधी खेळाडू शोधा, अर्ज नंतर

पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं किंवा नवीन नोकरी लागली की गाइड म्हणतात कुठेतरी ग्रँटसाठी अर्ज टाक, आणि आपण काय करतो तर लॅपटॉप उघडून थेट इंट्रोडक्शन लिहायला बसतो. मी पण तेच केलं होतं. पानंच्या पानं लिटरेचर आणि सॅम्पलवर दोन ओळी. परत आलेल्या शेऱ्यात एकच प्रश्न होता, एवढे खेळाडू तुम्हाला देणार कोण? माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तयारीचा क्रम फॉर्मच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा, तो कसा ते सांगतो.

सगळ्यात आधी तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते बघा. पीएचडी करत असाल तर यूजीसी नेट, फिजिकल एज्युकेशनचा विषय कोड ४७. जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या ज्युनियर फेलोशिपला, वयाची अट ३० वर्षं, राखीव गट आणि महिलांना ५ वर्षं सूट. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर एसआरएफ (तिचीच पुढची, सिनियर पायरी) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे. पण हे पैसे तुमच्या पोटापाण्याचे आहेत, त्यातून शेकडो रक्ततपासण्या होत नाहीत. प्रयोगाच्या खर्चासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या फाउंडेशनची डॉक्टरल ग्रँट बघा, त्यासाठी आधी मेंबर व्हावं लागतं. पीएचडी होऊन रेग्युलर पोस्ट मिळाली असेल तर एएनआरएफची प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट, ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत आणि वर ओव्हरहेड (संस्थेच्या व्यवस्थेचा खर्च). (एएनआरएफ म्हणजे संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, २०२३ च्या कायद्याने आधीच्या सर्बच्या जागी आलेली.) तिथे अर्ज करताना खेळापेक्षा फिजिऑलॉजी किंवा बायोमेकॅनिक्सच्या भाषेत मांडणी करा. कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, दरवर्षी नव्याने पूर्ण वाचा, सिनियरने दिलेल्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका.

आता प्रश्न. एक उदाहरण घेऊनच बोलू. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातून लांब पल्ल्याच्या चांगल्या धावपटू मुली येतात, सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ आणलं. दुसरीकडे एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका ॲनिमिक आहेत. यावरून 'धावपटू मुली आणि ॲनिमिया' असं लिहिलं तर तो विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: हिमोग्लोबिन नॉर्मल पण फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) कमी असलेल्या १६ ते २० वयाच्या धावपटू मुलींना १२ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या तर ३००० मीटरची वेळ सुधारते का? कोण, काय, किती दिवस आणि मोजणार काय, सगळं एका वाक्यात. हे वाक्य होत नाही तोपर्यंत पुढचं काही लिहू नका.

मग मोजणी, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा. जी-पॉवर हे सॅम्पल किती हवं ते काढणारं फ्री सॉफ्टवेअर आहे. दोन गट (एकाला गोळ्या, दुसऱ्याला नाही), मध्यम परिणाम म्हणजे एफेक्ट साइज ०.५, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडायची शक्यता), ५ टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसायची शक्यता) टाकलं की प्रत्येक गटात ६४ येतात. त्यात २० टक्के गळती धरली तर ८०, म्हणजे एकूण १६० मुली, आणि त्या कमी फेरिटिनच्या हव्यात म्हणजे त्या शोधायला त्याहून कितीतरी जास्त मुली तपासाव्या लागणार. परिणाम ०.८ धरला तर गटात २६ वर काम भागतं, पण केवळ सोयीचं म्हणून ०.८ लिहू नका, तो आकडा कुठून आणला हे अर्ज तपासणारा रिव्ह्यूअर विचारतोच. मुली कमीच असतील तर सरळ पायलट स्टडी (आधीचा छोटा, चाचणीचा अभ्यास) म्हणा, त्यात कमीपणा काही नाही.

आकडा हातात आला की मैदानावर जा, सकाळी ६ ला, फोनवर नाही. कोच सरांना विचारा किती मुली नियमित येतात आणि कॅम्प कधी असतो. ते पहिलं हेच विचारतील की मुलींना यातून काय मिळणार, आणि तो प्रश्न अगदी बरोबर आहे. प्रत्येकीचा रिपोर्ट तिला समजेल अशा मराठीत परत देणार हे ठरवा आणि अर्जातही लिहा. कोच आणि मुख्याध्यापकांचं सहीचं पत्र घ्या, आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी. माझ्या मते दहा रेफरन्सपेक्षा ही पत्रं भारी पडतात.

मेथड लिहिताना कामाची खरी माहिती दिसू द्या. व्यायामानंतर ३ ते ६ तासांत हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं हार्मोन) वाढतं, म्हणून रक्त सकाळी ट्रेनिंगच्या आधी घ्यायचं. ताप किंवा इन्फेक्शन असेल तर फेरिटिन खोटं जास्त दिसतं, म्हणून सोबत सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) करायचं. लोह सलाईनमधून द्यायचा विचार असेल तर १२ तासांत १०० मिलिलिटरच्या वर इन्फ्युजन हॉस्पिटलच्या उपचाराबाहेर वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, नियमात बसत नाही, म्हणून गोळ्या.

एथिक्स कमिटीचा (माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी समिती) अर्ज ग्रँटच्या अर्जासोबतच टाका, कारण मीटिंग रोज होत नाहीत. १८ खालच्या मुलींसाठी पालकांची संमती लागतेच आणि मुलीची स्वतःची लेखी सहमतीही. फॉर्म मराठीत हवा, घरात कोकणा बोलत असतील तर ती भाषा येणारं कुणीतरी सोबत हवं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली निघालेली मुलगी अभ्यासात घ्यायची नाही, तिला आरोग्य केंद्रात उपचाराला पाठवायचं, आणि गोळ्या न मिळालेल्या गटाला १२ आठवड्यांनंतर त्याच गोळ्या द्यायच्या. हे प्रोटोकॉलमध्येच लिहा, शेवटी सुचलं म्हणून नाही. सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत, रजिस्ट्रेशन फुकट आहे पण पहिली मुलगी घेण्याआधीच करावं लागतं.

बजेट सोपं आहे, फक्त मोजायचा कंटाळा करू नका. १६० मुली, दोनदा तपासणी, म्हणजे ३२० फेरिटिन आणि ३२० सीआरपी, स्क्रीनिंग वेगळं. लॅबचं लेखी कोटेशन लावा. रक्त घ्यायला महिला टेक्निशियन, रक्त दिल्यावर मुलींचा नाश्ता, त्यांचं एसटीचं भाडं हे विसरलं जातं. महागडं मशीन प्रश्नाला लागत नसेल तर मागू नका. पैसे मिळाल्यावर केंद्राच्या ग्रँटला जीएफआर १२-ए या सरकारी फॉर्ममध्ये युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) द्यावं लागतं, त्यामुळे अकाउंट्स सेक्शनशी आजच ओळख करून घ्या.

टाइमलाइन लावताना शाळेचं कॅलेंडर समोर ठेवा. दिवाळीची सुट्टी, फेब्रुवारी-मार्चच्या बोर्ड परीक्षा, पावसाळ्यात मातीचा ट्रॅक चिखल होतो, हे टाळून सलग १२ आठवडे बसवायचे. सारांश शेवटी लिहा आणि कोच सरांना वाचायला द्या, ते जिथे अडखळतील तिथे बायोकेमिस्ट्रीवाला रिव्ह्यूअरही अडखळेल. संस्थाप्रमुखांची सही निदान दोन आठवडे आधी मागा.

आणि नाही मिळाली तर शेरे जपून ठेवा, प्रत्येकाला एक-एक करून उत्तर लिहा. दरम्यान कमिटीच्या परवानगीने ३० मुलींचं स्क्रीनिंग करून घ्या. किती तपासल्या की किती पात्र निघतात आणि ३००० मीटरच्या वेळेत मुलीमुलींत किती फरक असतो, हे दोन्ही आकडे पुढच्या अर्जात तुमच्या स्वतःच्या मैदानावरचे असतील.