स्पेस गेमसाठी जॉयस्टिक घ्यायची तर आधी डाव्या हाताचं ठरवा

"जॉयस्टिक कुठली घेऊ बे?" असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो, गेम कुठला खेळायलास आणि डावा हात कशावर ठेवणारेस. मॉडेलचं नाव नंतर. आपल्याकडं सोलापुरात चार-पाच स्टिक हातात धरून बघायची सोय जवळपास नाहीच, कॉम्प्युटरच्या दुकानात गेमपॅड मिळतो, कधीमधी स्टिअरिंग व्हील दिसतं, पण फ्लाइट स्टिक म्हटलं की "मागवून देतो" म्हणतात नाहीतर आपणच ऑनलाइन मागवायची. मग फोटो बघून निवड होते, आणि फोटोत जास्त बटणं आणि लाल-निळे दिवे असलेलीच भारी वाटते. स्पेस गेमला बटणांपेक्षा अ‍ॅक्सिस, म्हणजे हळू-जोरात करता येणाऱ्या हालचालीच्या दिशा, किती आहेत हे जास्त महत्त्वाचं, ते का ते सांगतो.

विमान वळतं, गिरकी घेतं, पण जायचं पुढंच, रिक्षा जशी आहे त्या जागेवरून आडवी सरकून पार्क होत नाही तसंच. स्पेसशिपला चारी बाजूंनी थ्रस्टर, म्हणजे ढकलणारी छोटी इंजिनं, असतात त्यामुळं ते आडवं पण सरकतं, वरखाली पण सरकतं आणि मागं पण जातं. म्हणजे फिरण्याचे तीन प्रकार झाले, नाक वरखाली म्हणजे पिच, नाक डावीउजवीकडं म्हणजे यॉ, आणि जागेवर गिरकी म्हणजे रोल, आणि सरकण्याचे तीन, पुढंमागं, डावंउजवं, वरखाली. एकूण सहा. ट्विस्टवाली एक स्टिक, म्हणजे जिचा दांडा स्वतःभोवती पिळता येतो अशी, यातले तीन देते. उरलेले तीन कुठून आणायचे हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर डाव्या हाताकडं आहे. उजव्या हातात स्टिक धरून आपण पिच, यॉ, रोल करतो, डावा हात सरकण्याचं बघतो.

डाव्या हाताला चार पर्याय आहेत.

सगळ्यात स्वस्त म्हणजे कीबोर्ड. पैसा कमी असेल तर हेच करा, यात काही कमीपणा नाही. उजव्या हातात लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो सारखी साधी ट्विस्ट स्टिक, तिला १२ बटणं, एक आठ दिशांचं हॅट (अंगठ्यानं ढकलायचा छोटा खुंटा) आणि थ्रॉटलसाठी, म्हणजे स्पीडसाठी, छोटी स्लायडर असते, आणि डावा हात कीबोर्डवर. फक्त एवढंच की की दाबली की थ्रस्टर पूर्ण चालू, सोडली की बंद, मधलं काही नाही. स्टेशनमध्ये पॅडवर हळू उतरवताना ते कळतं, सारखं टकटक करत बसावं लागतं.

दुसरा पर्याय थ्रॉटल, म्हणजे स्पीडचा वेगळा दांडा, स्टिक अधिक थ्रॉटल याला हॉटास म्हणतात. ढकलला की जिथं सोडला तिथंच राहतो. एलिट डेंजरस खेळणाऱ्यांना मी अजूनही हेच सांगतो. त्या गेममध्ये स्पीडच्या पट्टीवर एक निळा भाग असतो, त्यात थ्रॉटल ठेवला की शिप सगळ्यात चपळ वळतं, आणि सुपरक्रूझमध्ये, म्हणजे लांबच्या वेगवान प्रवासात, समोरच्या ग्रहाजवळ जाताना पोचायची वेळ सात सेकंदांवर आली की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर आणून सोडायचा, मग शिप पुढं निघून न जाता बरोबर थांबतं. ही कामं ठेवलेल्या जागी राहणाऱ्या थ्रॉटलवर इतकी छान होतात की एकदा सवय लागली की सुटत नाही. पण थ्रॉटल घेताना एक बघा, त्यावर बोटाखाली छोटी मिनी-स्टिक आहे का. थ्रस्टमास्टरच्या टीडब्ल्यूसीएस थ्रॉटलवर आहे, लॉजिटेक एक्स५६ च्या थ्रॉटलवर पण आहे. त्या मिनी-स्टिकवर डावंउजवं आणि वरखाली सरकणं लावलं की सहाच्या सहा अ‍ॅक्सिस पूर्ण झाले. मिनी-स्टिक नसलेला थ्रॉटल दिसायला कितीही दणकट असला तरी सरकायचं काम शेवटी हॅटवर नाहीतर बटणांवर येतं, म्हणजे पुन्हा कीबोर्डसारखंच टकटक.

तिसरा पर्याय दोन्ही हातात स्टिक, याला होसास म्हणतात. डाव्या स्टिकला पुढं ढकललं की शिप पुढं, बाजूला केलं की आडवं, पिळलं की वर किंवा खाली, आणि सोडलं की स्प्रिंगनं मध्ये येते, थ्रस्ट बंद. स्टार सिटिझनमध्ये डीकपल्ड उडवायचं असेल किंवा एलिटमध्ये फ्लाइट असिस्ट बंद करून लढायचं असेल, म्हणजे शिपचा कॉम्प्युटर आपोआप वेग सावरत नाही तेव्हा, माझ्या मते यापुढं काहीच नाही. शिपला ब्रेक म्हणजे उलट्या दिशेचा थ्रस्ट, आणि डावा हात मागं ओढला की तो तसाच मिळतो. पहिल्या आठवड्यात डोक्याचा भुगा होतो, हात एकमेकांत गुंततात, पण नंतर बोटांनाच कळायला लागतं. याची एकच अडचण, लांबच्या प्रवासात ठरावीक स्पीड धरून ठेवायला थ्रॉटल नसतो, तेव्हा डाव्या स्टिकच्या बुडाशी असलेली स्लायडर किंवा चाक त्यासाठी लावायचं.

चौथा पर्याय फार कुणी सांगत नाही, डाव्या हातात स्टिक आणि उजव्यात माऊस. स्टार सिटिझनमध्ये माऊसनं नेम छान लागतो, आणि जे पोरं आधीपासून शूटर गेम खेळत आलेत त्यांचा उजवा हात तयारच असतो. एकाच स्टिकच्या पैशात भागतं. पण मग स्टिक डाव्या हाताला बसणारी पाहिजे, आणि बहुतेक स्टिकची मूठ उजव्या हातासाठीच घडवलेली असते, एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोची पण.

म्हणूनच मधल्या बजेटवाल्याला मी थ्रस्टमास्टर टी.१६०००एम सुचवतो. तिच्या मुठीचे काही तुकडे काढून बदलता येतात, त्यामुळं तीच स्टिक डावी पण होते आणि उजवी पण. आज एक घ्या, उजव्या हातानं खेळा, सहा महिन्यांनी पैसे जमले की दुसरी घ्या आणि पहिली डावीकडं लावा, पहिल्या खरेदीतला एक रुपया वाया जात नाही. तिच्या पिच आणि बाजूच्या अ‍ॅक्सिसवर हॉल सेन्सर आहे. ट्विस्टवर मात्र साधा पोटेन्शियोमीटर आहे, हे माहीत असू द्या.

सेन्सरवर जरा थांबतो कारण आपल्या गावात याला खास महत्त्व आहे. पोटेन्शियोमीटरमध्ये एक पट्टी असते आणि तिच्यावरून काटा घासत फिरतो. घासून पट्टी झिजते, त्यात धूळ गेली की सिग्नल थरथरतो, मग स्टिक मध्ये असली तरी शिप आपोआप एका बाजूला वळत राहतं. हॉल सेन्सरमध्ये लोहचुंबक असतो आणि सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो, काहीच कशाला घासत नाही, म्हणून झिजायचा प्रश्न नाही. आता सोलापूरची धूळ तुम्हाला सांगायला नको, आणि पूर्व भागात घराशेजारी यंत्रमाग असेल तर सुताचा बारीक कापूस पंख्यावर, मॉनिटरवर, सगळीकडं बसतो, तो स्टिकच्या बुडाच्या फटीत पण जातो. त्यामुळं पोटेन्शियोमीटरवाली स्टिक घेतली तर खेळून झाल्यावर तिच्यावर कापड टाकत जा, आणि दोनशे-चारशे रुपये जास्त घालून हॉल सेन्सरवाली मिळत असेल तर डोळे झाकून तीच घ्या. दुसरं म्हणजे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, हाताला घाम येतो, आणि रबरासारखा मऊ थर असलेली मूठ उष्णतेनं आणि घामानं काही वर्षांत चिकट व्हायला लागते. साध्या कडक प्लास्टिकची मूठ दिसायला सामान्य वाटते पण इथं तीच टिकते.

त्याच्या वर जायचं असेल तर व्हीकेबीची ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हीओ. पिच आणि बाजूच्या अ‍ॅक्सिसवर न घासणारे सेन्सर, स्प्रिंग बदलून मऊ-कडक करता येते, डाव्या हाताची वेगळी मिळते, आणि डाव्या हातासाठी ऑम्नी थ्रॉटल म्हणून एक प्रकार आहे ज्यात मूठ पुढं आडवी झुकवलेली असते, म्हणजे थ्रॉटल धरल्यासारखा हात राहतो पण सरकण्याचे तिन्ही अ‍ॅक्सिस मिळतात. स्पेस गेमसाठी डाव्या हाताला इतकी विचारपूर्वक केलेली वस्तू या किमतीत मी दुसरी बघितली नाही. त्याच्याही वर लिथुआनियाची व्हर्पिल आहे. पण या दोन्ही कंपन्यांचा माल परदेशातून मागवायचा म्हणजे शिपिंग, कस्टम ड्युटी, जीएसटी सगळं धरून हिशोब करा, वेबसाइटवरची किंमत बघून उडी मारू नका. आणि बिघडली तर परत पाठवायचा खर्चही आपलाच.

थ्रस्टमास्टर वॉरथॉगबद्दल खूप जण विचारतात, धातूची, वजनदार, खऱ्या ए-१०सी विमानाच्या कंट्रोलची नक्कल. वस्तू अप्रतिम आहे. पण तिच्या स्टिकला ट्विस्ट नाही, यॉ साठी वेगळे पेडल घ्यावे लागतात, म्हणजे ती फायटर विमानांच्या सिमसाठी आहे. तेवढ्या पैशात दोन चांगल्या स्टिक येऊन वर पैसे उरतात.

आता गेमप्रमाणे थोडक्यात. स्टार वॉर्स स्क्वाड्रन्स, २०२० चा, यात आडवं सरकणंच नाही, त्यामुळं कुठलीही ट्विस्ट स्टिक आणि साधा थ्रॉटल भरपूर झाला. एक्स४ फाउंडेशन्समध्ये नकाशावर माऊसनं इतकं काम असतं की एक स्टिक आणि माऊस पुरे, शिवाय तो एकट्यानं ऑफलाइन खेळता येतो, आपल्याकडं नेट गेलं तरी अडत नाही, एलिट तर सोलो मोडमध्ये पण नेट मागतो. आणि प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर एलिटसाठी म्हणून हॉटास घेत असाल तर थांबा, फ्रंटियरनं २०२२ मध्ये कन्सोलवरचं पुढचं काम बंद केलंय, तो गेम आता पीसीवरच खेळायचा.

बटणांचं एवढंच सांगतो की संख्येपेक्षा हॅट मोजा. एलिटमध्ये पॉवर सिस्टिम, इंजिन आणि वेपन यात सारखी वाटत राहावी लागते, ती चारही दिशांना एका हॅटवर लावली की लढताना बघावं लागत नाही. दुसऱ्या हॅटवर टार्गेट बदलणं. अंगठ्याला मूठ न सोडता पोचणारी दोन हॅट असतील तर बुडावरची दहा बटणं नसली तरी चालतं, कारण लढाईत त्यांच्यापर्यंत कुणी हात नेत नाही. एकच हॅट असेल तर एक बटण धरून हॅट दाबलं की दुसरं काम, असं जोडीनं लावता येतं.

मांडणीकडं लोक दुर्लक्ष करतात आणि मग स्टिकला नावं ठेवतात. टेबलावर स्टिक ठेवली की खांदा वर उचलून बसावं लागतं, तासाभरात मान धरते. कोपर काटकोनात आणि मनगट सरळ राहील अशा उंचीवर स्टिक पाहिजे, म्हणजे खुर्चीच्या हाताच्या जवळपास. यासाठी परदेशी माउंट मागवायची गरज नाही, गल्लीतल्या सुताराकडून प्लायवूडचा तुकडा कापून घ्या, तो स्टिकखाली लावा, आणि सी-क्लॅम्पनं टेबलाच्या खालच्या बाजूला आवळा. हलकी स्टिक जोरात ओढली की उचलली जाते, तिला खाली प्लायवर जाड डबल टेप लावली तरी फरक पडतो.

स्टिक हातात आली की पहिलं काम, रिटर्नची मुदत आहे तोवर तपासणी. विंडोजमध्ये रनमध्ये जॉय डॉट सीपीएल टाइप करा, प्रॉपर्टीज उघडा, आणि स्टिक हळूहळू गोल फिरवा. खूण अडखळत किंवा उड्या मारत जाते का, सोडल्यावर मध्ये येते का, ट्विस्ट सावकाश पिळल्यावर पट्टी थरथरते का, प्रत्येक बटण आणि हॅटची प्रत्येक दिशा पेटते का. सेकंडहँड घेणार असाल तर लॅपटॉप घेऊन जा आणि विकणाऱ्याच्या घरीच हे करा, पुण्याहून कुरिअरनं येणारी असेल तर याचा व्हिडिओ मागवा, द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या.

मग डेडझोन, म्हणजे मधला तो भाग जिथं स्टिक हलली तरी शिप हलत नाही, अगदी कमी ठेवा, स्टिक मध्ये असताना शिप स्थिर राहील एवढाच. नेम लावताना मधला भाग मऊ पाहिजे असेल तर कर्व्ह लावायचा, स्टार सिटिझनमध्ये तो गेममध्येच मिळतो, एलिटमध्ये फक्त डेडझोन आहे त्यामुळं स्टिकच्या सॉफ्टवेअरमधून किंवा जॉयस्टिक ग्रेमलिन या फुकटच्या प्रोग्रॅममधून करायचं. एलिटमध्ये रोल स्टिकच्या बाजूच्या हालचालीवर आणि यॉ ट्विस्टवर ठेवा, कारण तिथं यॉ मुद्दामच मंद ठेवलाय आणि वळायचं म्हणजे रोल करून पिच ओढायचा. स्टार सिटिझनमध्ये उलटं करून बघा, नेम जास्त नैसर्गिक वाटतो.

बाइंडिंग, म्हणजे कुठलं बटण कुठल्या कामाला हे, एकदा नीट बसली की एलिटच्या ऑप्शन्समधलं बाइंडिंग्जचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. एखादी स्टिक जोडायची राहिली आणि गेम सुरू केला तर तो तुमची सेटिंग लोड करत नाही, आणि सगळी बटणं पुन्हा लावायला अख्खी संध्याकाळ जाते. स्टिक नेहमी त्याच यूएसबी पोर्टला लावा, पोर्ट बदलला की स्टार सिटिझनमध्ये पहिली आणि दुसरी स्टिक अदलाबदल होऊ शकते. दोन स्टिक आणि बाकीचं सगळं एकाच साध्या हबवर लादू नका, हब घ्यायचाच तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला घ्या.