घरी बसून इलेक्ट्रॉनिक्स शिकताय? या चुका टाळा

घणसोलीत संध्याकाळी डिप्लोमा-डिग्रीची मुलं माझ्याकडे शंका घेऊन येतात. घरात एकच जुना लॅपटॉप, तोही भावंडांत वाटलेला, आणि मोबाइलवर रोजचा दीड जीबी डेटा. अडचण खरीच आहे. म्हणून तर तो डेटा घाईपायी वाया गेलेला मला बघवत नाही.

सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे सर्किट संगणकावर चालवून बघायच्या सिम्युलेटरने एरर दिला की सॉफ्टवेअर काढून पुन्हा उतरवणं. गेल्या पावसाळ्यात सेकंड इयरचा एक मुलगा ईसिम नावाच्या सिम्युलेटरमध्ये आरसी फिल्टर (रेझिस्टर-कपॅसिटरचं साधं सर्किट) काढून घेऊन आला. "सर, सॉफ्टवेअरच करप्ट आहे." तीन दिवसांचा डेटा त्याने इन्स्टॉलरवर घालवला होता, शेवटी तर आईच्या फोनचा हॉटस्पॉट घेऊन. स्क्रीनवर 'सिंग्युलर मॅट्रिक्स' (म्हणजे समीकरणं सुटत नाहीत) असं लिहिलेलं होतं, ते त्याने वाचलंच नव्हतं. सर्किटला ग्राउंड नव्हता. ब्रेडबोर्डवर 9 व्होल्टची बॅटरी लावली की ग्राउंड न दाखवताही एलईडी पेटतो, त्यामुळे मुलांना ते चिन्ह शोभेचं वाटतं. पण व्होल्टेज म्हणजे दोन बिंदूंमधला फरक. एक बिंदू शून्य धरल्याशिवाय समीकरणं सुटणार कशी? ईसिमच्या पोटात आकडेमोड करणारं एनजीस्पाइस त्या बिंदूला 0 नंबरचा नोड (सर्किटमधला जोडबिंदू) म्हणतं. चिन्ह जोडलं, प्लॉट आला. पोराचा चेहरा बघून मलाच गलबलून आलं.

माझी सवय अशी: आधी वहीत सर्किट, प्रत्येक नोडला नंबर, ग्राउंडला 0. एरर आला की तो अक्षरशः वहीत उतरवायचा. आणि इन्स्टॉलर एकदाच, कॉलेजच्या वायफायवर, पेनड्राइव्हमध्ये.

मेगाओहमसाठी नुसता 'एम' लिहू नका. एनजीस्पाइससारख्या स्पाइस सिम्युलेटरमध्ये लहान-मोठा कोणताही एम म्हणजे मिली. 'मेग' लिहा.

एनपीटीईएलची (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) लेक्चरं दुप्पट वेगाने संपवणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. समीकरण आलं की व्हिडिओ थांबवा, पुढची ओळ स्वतः मांडा, मगच पुढे जा. फळ्यावरचं अक्षर वाचता येईल एवढीच क्वालिटी ठेवा.

प्रयोगासाठी मित्राची रीडिंग उतरवू नका, स्वतः घ्या. व्हर्च्युअल लॅब्स या ऑनलाइन प्रयोगशाळेचे प्रयोग ब्राउझरमध्येच चालतात.

सायलॅब (गणिती आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल नावाचे व्हिडिओ आहेत, मराठीतही. एकेक साधारण दहा मिनिटांचा. अर्ध्या स्क्रीनवर तो, अर्ध्यावर सायलॅब, आणि प्रत्येक कमांड स्वतःच्या हाताने टाइप करायची.