अलंकार ओळखायचाय? काकूंचा आवाज घ्या

मराठी व्याकरणातल्या अलंकारांत बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते, उपमा की उत्प्रेक्षा की रूपक. मग शॉर्टकट म्हणून सम, सारखा, परी दिसलं की उपमा आणि जणू, गमे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा असं घोकायचं. बऱ्याचदा चालतं पण ते, पण 'बाळ सारखं रडतंय' यात कसली आलीये उपमा, इथे सारखं म्हणजे सतत! आणि 'मला वाटतं आज पाऊस येईल' हा नुसता अंदाज झाला.

म्हणून आधी दोन गोष्टी शोधा. ज्याच्याबद्दल बोलतोय ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करतोय ते उपमान. मग एवढंच बघायचं की उपमेयाचं काय झालं.

समजा शेजारच्या काकूंचा आवाज आणि गिरणीचा भोंगा.

'काकूंचा आवाज भोंग्यासारखा मोठा आहे', दोघं वेगळे, फक्त मोठेपणा सारखा, ही उपमा. 'काकूंचा आवाज म्हणजे जणू भोंगाच', आता तो भोंगाच असावा अशी कल्पना केली, उत्प्रेक्षा. 'काकूंच्या आवाजाचा भोंगा सहाला वाजला', इथे दोघं एकच होऊन बसले, जणूबिणू काही नाही, रूपक. 'हा आवाज नव्हेच, भोंगा आहे', उपमेय चक्क नाकारलं, अपन्हुती. 'भोंगा परवडला, काकू त्याच्यावर ताण', उपमेय वरचढ, व्यतिरेक. आणि 'काकूंचा आवाज तो काकूंचाच', तुलनेला दुसरं कोणी सापडलंच नाही म्हणून अनन्वय (हा मला सगळ्यात आवडतो, हरल्यासारखा वाटतो पण स्तुती यातच जास्त).

काकूंनी दादरला हाक मारली नि कर्जतला कावळे उडाले, ही अतिशयोक्ती, ती सांगावी लागत नाही.

यमक-अनुप्रास म्हणजे अक्षरांची जुळणी, ते कानालाच कळतात, सोडा. श्लेषाला मात्र थांबा, तिथे एकच शब्द दोन अर्थांनी येतो आणि घाईत एकच दिसतो. शंका आली की तो शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घाला, मजा गेली तर श्लेष. 'काकूंचा आवाज बसला, तेव्हा कुठे काकाही.' आता 'बसला'च्या जागी 'घोगरा झाला' घालून बघा.