डिप्रेशनच्या गोळ्या बंद करताना या चुका टाळा (डॉक्टरांनीसुद्धा)

गोळी बंद करून चार दिवस झालेत आणि मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय. जोडीला चक्कर, मळमळ, भलतीसलती स्वप्नं, मधूनच रडू. दवाखान्यात गेलं की उत्तर मिळतं, ‘आजार उलटला, गोळी पुन्हा चालू करा.’ आणि गोळी आणखी काही वर्षं चालू राहते.

आजार उलटला असेलही. पण चार दिवसांत? ही बहुधा गोळी सुटण्याची लक्षणं असतात, आणि ती न ओळखणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

डॉक्टरांवर लगेच चिडू नका. इमिप्रामिन हे डिप्रेशनचं जुनं औषध थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाची नोंद १९५९ मध्येच झाली होती, तरी ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना सांगत होत्या, की ही लक्षणं सहसा सौम्य असतात आणि आठवडाभरात आपोआप जातात. पेशंट वेगळंच सांगत राहिले. शेवटी मे २०१९ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने भूमिका बदलली आणि ऑक्टोबरमध्ये नाइसनेही मान्य केलं, की काही जणांना हा त्रास तीव्र होतो आणि लांबतोही. त्याआधी शिकलेल्या डॉक्टरच्या डोक्यात ‘एक आठवडा’ घट्ट बसलेला असेल, तर नवल नाही.

मग ओळखायचं कसं? पहिली खूण वेळेची. व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरोक्सेटिन शरीरातून भराभर निघून जातात, त्यामुळे त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होऊ शकतो. फ्लुओक्सेटिन मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. तिथे त्रास उशिरा येतो आणि गोळीशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. डिप्रेशन उलटतं ते बहुधा काही आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू. दुसरी खूण शरीराची: डोक्यातले करंट आणि तोल जाणं हे काही डिप्रेशनचं लक्षण नव्हे. तिसरी खूण म्हणजे गोळी परत घेतल्यावर दोन-तीन दिवसांत बरं वाटलं, तर तो सुटण्याचाच त्रास होता. डिप्रेशन इतक्या झटपट उतरत नाही. झोप उडणं आणि घाबरल्यासारखं होणं दोन्हीकडे असतं, म्हणून गोळी कमी केल्याची तारीख आणि रोजचा त्रास वहीत लिहून न्या. डॉक्टरकडे पाचच मिनिटं असतात, वही कामाला येते.

‘अर्धी करा, मग बंद करा’

या सल्ल्यात गणित चुकतं. सिटालोप्रॅमचं उदाहरण घ्या. २० मिलिग्रॅमला मेंदूतले सेरोटोनिन (मूडशी संबंध असलेलं रसायन) वाहून नेणारे सुमारे ८० टक्के प्रथिनरेणू अडवले जातात. डोस ९ मिलिग्रॅमवर आणला तरी ७० टक्के अडलेलेच असतात. साधारण ५ वर आलात तरी ६० च्या आसपास. म्हणजे २० वरून ९ वर येताना फरक पडतो दहा टक्क्यांचा, आणि शेवटची पाचची गोळी सोडताना एकदम साठाचा! जिना उतरताना वरच्या पायऱ्या बुटक्या आणि शेवटची पुरुषभर उंच, असा हा प्रकार. हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच मांडलं: खाली येऊ तसतशी कपात बारीक व्हायला हवी, अगदी एक-दोन मिलिग्रॅमपर्यंत. ब्रिटनमध्ये त्यासाठी थेंबांच्या रूपात औषध मिळतं. आपल्याकडे काय उपलब्ध आहे, ते डॉक्टर आणि केमिस्ट दोघांनाही विचारा.

‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्लाही सोपा वाटतो. एस्सिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण साधारण सव्वा दिवसात निम्मं होतं. दिवसाआड घेतल्यावर ते रोज वरखाली झोके घेत राहतं. कमी करायचं तर रोज घ्या, पण थोडं कमी. आणि पोटात औषध सावकाश सोडणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ डेस्व्हेन्लाफॅक्सिनच्या, तोडू नका, चुरू नका; सगळं औषध एकदम सुटतं.

आपल्याकडचा खास घोटाळा म्हणजे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपॅम (घाबरेपणा कमी करणारं, गुंगी आणणारं औषध) एकाच गोळीत. ‘झोपेची हलकी गोळी’ म्हणून वर्षानुवर्षं घेतली जाते. ती तोडली की दोन्ही औषधं एकाच वेळी कमी होतात, आणि त्रास कशाचा ते कळायला मार्ग उरत नाही. क्लोनाझेपॅम अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. आधी दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून मागा, मग एकेक कमी करण्याचा विचार. गणपतीला गावी जाताना स्ट्रिप घरी विसरणं हेही अचानक बंद करणंच आहे. बॅगेत जास्तीची पट्टी टाका.

हे वाचून घाबरून उद्याच गोळी फेकू नका. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत आलेल्या विश्लेषणात औषध थांबवणाऱ्या ३१ टक्के लोकांनी लक्षणं सांगितली, तर औषधच नसलेली खोटी गोळी थांबवणाऱ्या १७ टक्क्यांनीही. तीव्र त्रास झालेले साधारण ३ टक्के. त्यातले बरेच अभ्यास काही आठवड्यांचेच होते, दहा वर्षं गोळी घेणाऱ्यांना तोच आकडा लावू नये, असं माझं मत. आणि आजार खरंच उलटतोही: २०२१ च्या ब्रिटिश चाचणीत वर्षभरात गोळी थांबवणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांचा उलटला, चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ लागले तर हे गणित बाजूला ठेवा. त्याच दिवशी डॉक्टर गाठा किंवा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोला.

राहिला तो एक शब्द: सवय. ‘या गोळ्यांची सवय लागत नाही’ असं पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. दारूसारखी तलफ येत नाही, एवढ्यापुरतं ते खरं. पण शरीर गोळीला सरावतं, ही वेगळी गोष्ट. डॉक्टर, तुम्ही हे वाचत असाल तर पहिली चिठ्ठी लिहितानाच ते सांगा, आणि बंद कशी करायची तेही.