पालिओ १.६ जीटीएक्स पुन्हा रस्त्यावर आणताना
कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट पालिओ १.६ जीटीएक्स दिसायला साधी हॅचबॅक असली, तरी तिच्या १५९६ सीसी इंजिनाची ताकद सुमारे १०० बीएचपी आहे. माझी गाडी कित्येक वर्षे ताडपत्रीखाली उभी असल्यामुळे स्टार्टर मारण्याआधीच टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा) आणि वॉटर पंप बदलले व टाकीतले जुने पेट्रोल उपसले.

तरीही आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) वरखाली होत होते. इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीतली काजळी काढूनही फरक पडेना, तेव्हा कुठून जादा हवा आत शिरते का हे शोधायला इंजिनाच्या शोषणाला जोडलेला एकेक व्हॅक्यूम पाइप पकडीने दाबून पाहिला. ब्रेक बूस्टरचा (त्याच शोषणाच्या जोरावर ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या भागाचा) पाइप दाबताच इंजिनाचा आवाज एकसारखा झाला. बूस्टरच्या टोकाला, क्लिपखाली, नखाला जेमतेम जाणवणारी चीर होती. पाइप बदलल्यावर ब्रेकही हलका झाला, आणि तिसऱ्या गिअरमधली तिची ओढ आजही मला अप्रतिम वाटते.