रशियात नवीन आलात? आधी पैशांची वाट समजून घ्या

मॉस्को, कझान, व्होल्गोग्राद, कुठेही उतरा, पहिला झटका एटीएमपाशी बसतो. वडिलांनी निघताना भरून दिलेलं फॉरेक्स कार्ड इथे चालत नाही. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं, तेव्हापासून बाहेरच्या देशात काढलेली त्यांची कार्डं इथल्या मशीनमध्ये निरुपयोगी आहेत. वेस्टर्न युनियनही त्याच महिन्यात गेलं. यूपीआयचं तर नावच काढू नका. हॉस्टेलमधला एखादा सीनियर जुन्या व्हिसा कार्डावर खुशाल बटाटे घेताना दिसेल, त्याला बघून फसू नका. ते कार्ड रशियन बँकेचं आहे. देशातल्या देशात त्याचे व्यवहार इथल्या राष्ट्रीय यंत्रणेतून जातात, म्हणून ते चालतं. तेच कार्ड घेऊन तो सुट्टीत पुण्याला गेला, की त्याचीही तीच गत.

म्हणून सुरुवातीचे काही आठवडे रोख हाच आधार. एरवी परदेशी जाताना बँक ३,००० डॉलरपर्यंतच नोटा देते. पण रशिया, इराण आणि सीआयएस (जुन्या सोव्हिएत संघातल्या) देशांसाठी रिझर्व्ह बँकेची जुनी सवलत आहे, त्यात सगळी मंजूर रक्कम नोटांमध्ये घेता येते. तालुक्याच्या शाखेत हे बऱ्याचदा माहीत नसतं. वाद घालू नका, परकीय चलनाच्या मुख्य शाखेकडे विचारणा करायला सांगा. नोटा नव्या, कोऱ्या, शिक्का किंवा पेनाची रेघ नसलेल्या घ्या, कारण इथले कॅशियर नोट उजेडात धरून बघतात आणि मळकी नोट सरळ परत करतात. १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख आणत असाल तर कस्टममध्ये डिक्लेरेशन भरणं बंधनकारक आहे. जाताना परकीय चलन १०,००० डॉलरच्या वर बाहेर नेण्यावर २०२२ पासून बंदी आहे. आणलेले डॉलर एकदम मोडू नका आणि विमानतळावर तर मुळीच नाही. शहरातल्या बँकेत भाव बरा मिळतो.

खातं उघडायला घाई केली तरी क्रम चुकवता येत नाही. आल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत पत्त्याची नोंदणी, पासपोर्टचं नोटरी केलेलं रशियन भाषांतर, स्निल्स म्हणजे इथला पेन्शन-विम्याचा क्रमांक, मग गोसउस्लुगी या सरकारी सेवांच्या पोर्टलवर खातं. जानेवारी २०२५ पासून परदेशी माणसाला सिमकार्डही बायोमेट्रिक दिल्याशिवाय मिळत नाही, आणि सिम नाही तर बँकेचा ओटीपी नाही. भाषांतराबाबत एक जपा. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. एक भाषांतरकार वडिलांचं नाव रशियन पद्धतीने वेगळ्या रकान्यात टाकतो, दुसरा टाकत नाही. देशमुखांचं स्पेलिंग तर तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी होतं. बँकेत एक नाव, विद्यापीठाच्या करारात दुसरं, की भारतातून आलेले पैसे अडकलेच. पहिलं भाषांतर नीट तपासून घ्या आणि सगळीकडे त्याच्याच प्रती द्या.

खातं उघडलं की मीर हे रशियाचं स्वतःचं कार्ड मिळेल. फोन नंबरवरून पैसे पाठवायची इथली सोय म्हणजे एसबीपी, आपल्या यूपीआयची मॉस्कोतली चुलत बहीण. महिन्याला १,००,००० रूबलपर्यंत दुसऱ्याला पैसे पाठवणं फुकट आहे. रोजचं आयुष्य त्यावर निभावतं.

खरा गुंता भारतातून पैसे येताना. ‘माझी बँक अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत नाही, मग पैसे का अडले?’ हा प्रश्न दर सेमिस्टरला कोणी ना कोणी विचारतं. यादीत कोण आहे यापेक्षा पैसे कोणत्या बँकांतून फिरतात याला इथे जास्त महत्त्व आहे. नाशिकहून डॉलरमध्ये पाठवलेली फी थेट मॉस्कोला येत नाही. ती तुमच्या बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून जाते, आणि तिथे अमेरिकन कायदा लागतो. यादीतली बँक, किंवा जिच्या मालकीत निर्बंधाखालच्या लोकांचा वाटा ५० टक्के किंवा त्याहून जास्त आहे अशी संस्था, त्या व्यवहारात दिसली, तर न्यूयॉर्कची बँक पैसे गोठवते. परत पाठवलेले पैसे आणि गोठवलेले पैसे यांत फार फरक आहे. परत आले तर कमिशन कापून घरी पोचतात. गोठवले तर अमेरिकेच्या अर्थखात्याचा परवाना मिळेपर्यंत हलत नाहीत, आणि तो मिळवताना पोरगा डॉक्टर होऊन घरी येतो.

स्विफ्टचं प्रकरण याहून निराळं. मार्च २०२२ मध्ये युरोपीय संघाने व्हीटीबीसह सात रशियन बँका स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून काढल्या, जूनमध्ये स्बेरबँकही गेली. स्विफ्टमधून बाहेर असणं म्हणजे संदेशाची तार तुटणं. अमेरिकेच्या यादीत असणं म्हणजे पैशालाच हात लावता न येणं. बऱ्याच मोठ्या बँकांवर दोन्ही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने आणखी एक पाऊल टाकलं. तिसऱ्या देशातली बँकही रशियन लष्करी उद्योगाचे व्यवहार करताना आढळली, तर तिच्यावरच निर्बंध येऊ शकतात. जून २०२४ मध्ये ही व्याख्या बरीच रुंदावली. त्यामुळे मुंबईतली बँक कायद्याने मना नसलेल्या व्यवहारालाही हळूच ‘नाही’ म्हणते. तिच्यावर चिडून उपयोग नाही. रशियातल्या एका विद्यार्थ्याच्या फीसाठी ती आपलं न्यूयॉर्कचं खातं पणाला लावणार नाही.

मग करायचं काय? विद्यापीठाकडून आधी ‘रेक्विझिती’ म्हणजे खात्याचा पूर्ण तपशील लेखी मागा: बँक कोणती, करार कोणत्या चलनात, पर्यायी खातं आहे का. तो कागद घेऊन पालकांनी आपल्या बँकेत जायचं आणि पाठवण्याआधी विचारायचं, तुम्ही ही रक्कम कोणत्या मार्गाने आणि कोणत्या चलनात पाठवणार? उत्तर ईमेलवर घ्या. पैसे पालकांच्या खात्यातून थेट विद्यापीठाच्या खात्यात गेले पाहिजेत. परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवताना बँक घेते तो कर, लागत नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर त्यापुढेही लागत नाही. फॉर्म ए-२ची, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या अर्जाची, प्रत जपून ठेवा.

‘फी माझ्या खात्यावर यूपीआय करा, मी तिकडे रूबल भरतो’ म्हणणारे एजंट लातूर-नांदेडपासून मॉस्कोपर्यंत भेटतील. स्वस्त पडतं, खरं आहे. पण याला हवाला म्हणतात आणि फेमा या परकीय चलन कायद्याखाली तो बेकायदेशीर आहे. विद्यापीठाने ‘पैसे मिळाले नाहीत’ म्हटलं तर हातात काहीच नाही. यूएसडीटी हे डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो विकून भारतात रुपये घेणाऱ्यांचं वेगळंच संकट असतं: समोरच्याने दिलेले रुपये कुठल्यातरी सायबर फसवणुकीतले निघतात आणि वडिलांचं पगाराचं खातं पोलिसांच्या पत्रावरून गोठतं.

त्याहून वाईट म्हणजे आपलं कार्ड दुसऱ्याला वापरायला देणं. ‘महिनाभर दे, दहा हजार रूबल घे’ अशी ऑफर पहिल्याच वर्षी येते. अशा माणसाला इथे ‘ड्रॉपर’ म्हणतात, आणि जुलै २०२५ पासून पैसे घेऊन कार्ड देणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्याआधीही बँका ‘११५ क्रमांकाच्या’, म्हणजे काळा पैसा रोखण्याच्या, कायद्याखाली खातं बंद करत, आणि ते एका बँकेपुरतं राहत नसे. मित्र कितीही जवळचा असो, कार्ड द्यायचं नाही.

आता धंदा करायला आलेल्यांसाठी थोडं. औषधं, मसाले, द्राक्षं, चहा पाठवणाऱ्यांची वाट विद्यार्थ्यांपेक्षा मोकळी आहे. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात व्यापार मिटवायची सोय केली. रशियन बँक भारतीय बँकेत विशेष रुपया वोस्ट्रो खातं उघडते, भारतातला आयातदार त्यात रुपये भरतो आणि त्यातूनच आपल्या निर्यातदाराला मिळतात. डॉलर मध्ये येतच नाही, म्हणून न्यूयॉर्कही येत नाही. पण आपण तेल भरमसाट घेतो आणि विकतो थोडं, म्हणून रशियाचे रुपये भारतात साचले. मे २०२३ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह गोव्यात आले होते, तेव्हा त्यांनी हे जाहीर बोलून दाखवलं. तुमच्यासारख्या विक्रेत्याला हे सोयीचंच होतं, कारण द्यायला त्यांच्याकडे रुपये पडून होते. इन्व्हॉइस आणि करार रुपयातच करा. नंतर चलन बदलायला गेलात तर बँक सगळे कागद पुन्हा मागते.

अन्न आणि औषधांना अमेरिकन नियमांत सवलत आहे, पण माल त्यात बसतो हे बँकेला कागदावर दिसलं पाहिजे. इन्व्हॉइसवर माल काय, एचएस कोड (मालाचा कस्टम क्रमांक) कोणता, अंतिम ग्राहक कोण, हे स्पष्ट लिहा. नुसतं ‘जनरल गुड्स’ लिहिलं तर बँकेत नियम तपासणारा कंप्लायन्सवाला फाईल बाजूला ठेवतो. ग्राहक म्हणाला ‘पैसे दुबईच्या कंपनीकडून येतील’, तर ती कंपनी करारात आहे का, मालक कोण, हे आधी बँकेला दाखवा. कुरियरने इलेक्ट्रॉनिक्स किंवा बेअरिंगचे सुटे भाग मागवणारा नवा ग्राहक दुप्पट भाव देत असेल, तर हात जोडून मोकळे व्हा. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने अशाच मालासाठी डझनाहून जास्त भारतीय कंपन्या यादीत टाकल्या. यादीत नाव गेलं की भारतातली बँकही तुम्हाला उभं करत नाही.

शिक्षण संपवून परत निघाल तेव्हा खातं आधी रिकामं करून बंद करा आणि बँकेकडून तसा ‘स्प्राव्का’ म्हणजे दाखला घ्या. सिम काही महिने वापरलं नाही की नंबर जातो, नंबर गेला की ओटीपी येत नाही, आणि सोलापुरात बसून रशियन बँकेतले उरलेले रूबल काढायला मग मॉस्कोतल्या कुणाला तरी नोटरी केलेलं मुखत्यारपत्र द्यावं लागतं.